प्रकल्प नोंदी : ‘मुचाचो’चं कोशपान

३ जून २०२४ : पान उघडलं

प्रवासी शब्दांच्या मराठी कोशातला गट तिसरा, ‘माणसाला हाक मारायचे शब्द’. त्यातलं हे सातवं पान. मूळ शब्द स्पॅनिश, ढोबळ अर्थ पोरगा किंवा तरुण. रोमन लेखनात आठ अक्षरं (एम, यू, सी, एच, ए, सी, एच, ओ), उच्चारात तीन अवयव (मु-चा-चो), जोर मधल्यावर. अनेकवचन ‘मुचाचोस’, स्त्रीलिंग ‘मुचाचा’.

पानाची मापं नेहमीचीच: व्युत्पत्ती ८० शब्दांच्या आत, अर्थ जास्तीत जास्त सहा, प्रत्येक अर्थामागे निदान एक दाखला, सगळं पान ६०० शब्दांत. मराठी प्रतिशब्द एकापेक्षा जास्त द्यायचे असतील तर कोणता कधी, हे तिथल्या तिथे लिहायचं. नुसती स्वल्पविरामांनी जोडलेली माळ चालणार नाही.

व्याप्ती आजच बांधून घेतली, नाहीतर पान फुगतं. आत घ्यायच्या भाषा तीन: फिलिपिन्सची तगालोग, कॅरिबियन बेटांवरची पापियामेंतो आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली इंग्रजी. बाहेर ठेवायचा शब्द ‘मोसो’. तोही स्पॅनिश, अर्थही तरुण किंवा नोकर पोरगा. पण त्याचा रस्ता वेगळा आहे. इटालियन ‘मोत्सो’ आणि फ्रेंच ‘मूस’, म्हणजे जहाजावरचा पोऱ्या, हे शब्द तिकडून येतात. त्याला स्वतंत्र पान आणि इथून एक ओळीचा निर्देश. पोर्तुगीज ‘मोसु’ हा त्या मोसोचा भाऊबंद, उसना शब्द नव्हे. त्याला ‘उसनवारी’च्या रकान्यात टाकू नये. कच्च्या यादीत तो तिथेच होता, काढला.

५ जून : शीर्षशब्द आणि दोन ‘च’

शीर्षशब्द ‘मुचाचो’ असा साधा लिहिला आणि वाचून घेतला. अपेक्षेप्रमाणे बहुतेकांच्या तोंडी ‘चमचा’तला च आला. दोष वाचणाऱ्यांचा नाही. मराठीत च, ज, झ यांना दोन दोन उच्चार आहेत आणि लिपीत दोन्हींसाठी एकच अक्षर. चाक, चारा, चमचा यांत जीभ दातांमागे जाते. चिंच, चेहरा, चार यांत ती टाळूला लागते. इ, ए आणि य यांच्या आधी टाळूचा च ठरलेलाच. आ आणि ओ यांच्या आधी मात्र शब्द माहीत असावा लागतो. ‘मुचाचो’त नेमके आ आणि ओ आहेत. म्हणजे दोन्ही ठिकाणी वाचक अंधारात.

तीन पर्याय तपासले.

पहिला, दंत्य (दातांमागचा) च ला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन दाखवायचा आणि बिननुक्त्याचा तो टाळूचा, असा कोशभर नियम. व्याकरणाच्या पुस्तकांत चालतो. पण नुक्ता वाचायची सवय मराठी वाचकाला नाही, आणि नुक्ता ‘नसण्याचा’ अर्थ तर कुणीच लावत नाही.

दुसरा, शीर्षशब्दच ‘मुच्याच्यो’ करायचा. उच्चार बरोबर येतो, कारण च्या-मध्ये टाळूचाच च लागतो. पण शब्द ओळखू येत नाही, आणि शोधयंत्रणेतला प्रत्यय छाटणारा भाग ‘च्या’ दिसला की कात्री चालवतो. चमच्याच्या, पुण्याच्या या शब्दांसाठी लिहिलेला नियम तो. इथे शब्दाचंच पोट कापतो.

तिसरा, शीर्षशब्द ‘मुचाचो’ ठेवायचा आणि लगेच खाली उच्चाराची ओळ: ‘मु-च्या-च्यो, य ऐकू न येऊ देता, दोन्ही च “चार”मधले’. हाच घेतला. ‘चार’मधला च ही खूण कोशभर वापरायची. ‘चहा’ नको, बोलीप्रमाणे त्याचा उच्चार बदलतो.

कात्रीचा प्रश्न साध्या रूपालाही आहेच. यंत्रणेत मालवणी आणि कोकणी प्रत्ययही घातलेले आहेत, आणि तिथे ‘चो’ हा षष्ठीचा प्रत्यय: घराचो, मामाचो. त्यामुळे ‘मुचाचो’ शोधला की यंत्रणा ‘मुचा’ हे मूळ समजते. गंमत अशी की ‘मुचा’ नावाचा शब्द खरोखरच आहे, पापियामेंतोत, आणि तो याच शब्दातून निघालेला. चुकीच्या रस्त्याने बरोबर पत्ता. तरीही अपवादाच्या यादीत तीन रूपं टाकली: मुचाचो, मुचाचा, मुचाचोस.

१० जून : जुन्या कोशांत शोधताना

छापील स्पॅनिश कोशात हा शब्द ‘सापडत नाही’ अशी खूण कच्च्या कामात दोन ठिकाणी होती. शब्द दोन्ही ठिकाणी आहे. १९९४ पर्यंत स्पॅनिश कोशांत सी-एच हे जोडाक्षर स्वतंत्र अक्षर म्हणून लावत. एम-यू-सी ने सुरू होणारे सगळे शब्द संपल्यावर एम-यू-सी-एच चे सुरू होत. म्हणजे जुन्या कोशात मुचाचो हा श्लेष्मल त्वचेसाठीच्या ‘मुकोसा’ या शब्दाच्या नंतर येतो, नव्यात आधी. १९९४ मध्ये भाषा-अकादम्यांनी क्रम बदलला, २०१० च्या लेखननियमांत सी-एच वर्णमालेतूनही गेला आणि अक्षरं २७ उरली. कोश १९९४ च्या आधीचा असेल तर दोन पानं पुढे बघायचं. ही सूचना गटाच्या मार्गदर्शक पत्रकात घातली, कारण पुढची दोन पानंही ‘चिको’ आणि ‘चावाल’ची आहेत.

स्कॅन केलेल्या प्रतींत दुसरी अडचण. जुन्या छपाईतला एच, चित्रावरून मजकूर ओळखणाऱ्या यंत्राला बी दिसतो. त्यामुळे मजकुरात शब्द ‘सी-बी’ने लिहिलेला निघतो आणि सरळ शोध रिकामा येतो. प्रत्येक स्कॅनमध्ये चार शोध द्यायचे: सी-एच ने, सी-बी ने, आणि दोन्ही पुन्हा पहिला स्वर ओ घेऊन. कारण जुनं रूप ‘मोचाचो’ आहे. फक्त ‘मुचाचो’ शोधला तर सोळाव्या शतकाचा बराच भाग हातातून जातो. स्पॅनिश अकादमीच्या ऐतिहासिक संग्रहातही दोन्ही रूपं वेगवेगळी द्यावी लागतात. तो संग्रह एका रूपावरून दुसऱ्याकडे आपोआप जात नाही.

अकादमीचा पहिला मोठा कोश १७२६ ते १७३९ दरम्यान सहा खंडांत निघाला. ‘एम’ चौथ्या खंडात, साल १७३४. दाखला देताना खंडाचं साल द्यायचं, पहिल्या खंडाचं नव्हे. ही चूक आपल्याकडे आधीच्या दोन पानांत झालेली आहे, तीही दुरुस्त केली.

१२ जून : व्युत्पत्ती

मुचाचो, त्याआधी मोचाचो, त्याआधी ‘मोचो’. मोचो म्हणजे टोक नसलेला: बिनशिंगाचा बैल, शेंडा छाटलेलं झाड, कळस नसलेला मनोरा, आणि केस कापलेला माणूस. पोरांचे केस बारीक कापायची रीत होती, त्यावरून ‘बोडका’ तो पोरगा. मोचो स्वतः कुठून आला हे पक्कं नाही. व्युत्पत्ती तिथेच थांबवली.

मोचोसाठी मराठी प्रतिशब्द ठरवताना वेळ गेला, पण तो जायलाच हवा होता. ‘बोडका’ डोक्यापुरता बसतो, बैलाला आणि मनोऱ्याला बसत नाही. ‘भुंडा’ सगळीकडे बसतो: भुंडा बैल, भुंडं झाड, भुंडे हात. मूळ अर्थाला ‘भुंडा’ आणि केसांच्या अर्थाला ‘बोडका’ असं लावलं. ‘बोडका’चं स्त्रीलिंगी रूप पानावर कुठेही येऊ द्यायचं नाही. केशवपन केलेल्या विधवेसाठीची ती शिवी होती, आणि उदाहरणाच्या ओघात ती सहज येऊन बसते. कच्च्या मजकुरात ‘बोडका, -की’ असं यंत्राने भरलंच होतं. काढलं.

केस कापण्यावरून पोराचं नाव पडणं एवढं विरळ नाही, म्हणून ‘तुलना’ रकान्यात दोन शब्द घेतले. बास्क भाषेतला ‘मुतिल’ म्हणजे मुलगा. तो लॅटिन ‘मुतिलुस’वरून, अर्थ छाटलेला, बिनशिंगी. आणि पंजाबी ‘मुंडा’ म्हणजे मुलगा. तो संस्कृत ‘मुंड’वरून, अर्थ मुंडण केलेला. मराठी वाचकाला हिंदी गाण्यांमुळे ‘मुंडा’ तोंडपाठ आहे, त्याचा मुंडणाशी संबंध मात्र सहसा लागत नाही. तिन्ही शब्द एकमेकांचे नातेवाईक नाहीत, एकाच तऱ्हेने घडलेले आहेत, हे वाक्य पानावर ठळक. नाहीतर वाचक ‘मुंडा’ आणि ‘मुचाचो’ यांची सोयरीक जुळवणार.

खोटी सोयरीक आणखी दोन ठिकाणी होते: ‘मुचो’ (पुष्कळ) आणि ‘माचो’ (नर, मर्दानी). पहिला लॅटिन ‘मुल्तुस’चा, दुसरा ‘मास्कुलुस’चा. मुचाचोशी दोघांचंही नातं नाही. ‘मुचाचो म्हणजे पुष्कळ मर्द’ अशी व्युत्पत्ती सांगणारे भेटतात. एका ओळीत निकाल, जास्त जागा नको.

१८ जून : १६०५ चा दाखला

‘पोरगा’ आणि ‘नोकर’ हे दोन अर्थ स्पॅनिशमध्येच होते की बाहेर गेल्यावर फुटले, यासाठी जुना दाखला हवा होता. सेर्व्हांतेसच्या ‘डॉन किहोते’च्या पहिल्या भागात, चौथ्या प्रकरणात तो मिळतो. झाडाला बांधलेला, कमरेवर उघडा, पंधराएक वर्षांचा ‘मुचाचो’ आणि त्याला पट्ट्याने झोडपणारा शेतकरी. शेतकरी म्हणतो, मी ज्याला शिक्षा करतोय तो हा मुचाचो माझा ‘क्रियादो’ आहे, माझी मेंढरं राखतो.

एका वाक्यात दोन्ही शब्द, म्हणून दाखला सोन्याचा. वय सांगायला मुचाचो, चाकरी सांगायला क्रियादो. पोरगा चाकर आहे, पण ‘मुचाचो’ म्हटल्याने तो चाकर ठरत नाही. तसं वेगळं सांगावं लागतं. पुढे स्पॅनिशमध्येही मुचाचो-मुचाचा घरगड्यासाठी आणि मोलकरणीसाठी चालू लागले, पण पहिला अर्थ सुटला नाही. म्हणून अर्थक्रम: १. मुलगा, २. तरुण, ३. घरकामाचा नोकर.

दाखला घेताना एक सावधगिरी. याच प्रसंगात नऊ महिन्यांचा थकलेला पगार, महिना सात रेआल (तेव्हाचं स्पॅनिश नाणं), असा हिशोब आहे. नऊ साते त्रेसष्ट. १६०५ च्या पहिल्या छपाईत मात्र त्र्याहत्तर छापलं आहे. नंतरच्या संपादकांनी बहुधा ते त्रेसष्ट केलं. आकडा आपल्याला लागत नाही, उदाहरणाच्या वाक्यात तो येणार नाही अशा बेताने वाक्य तोडलं. जिथे आकडा लागेल तिथे आवृत्ती सांगितल्याशिवाय उतरवू नये.

२४ जून : तगालोग

स्पॅनिशांची फिलिपिन्सवरची सत्ता १५६५ ते १८९८. तिथल्या भाषांत शेकड्यांनी स्पॅनिश शब्द गेले, त्यात हा. तगालोग रूप ‘मुत्सात्सो’, स्त्रीलिंग ‘मुत्सात्सा’. अर्थ एकच: घरातला नोकर, मोलकरीण. ‘तरुण’ हा अर्थ तिथे नाही.

कारण शोधायला लांब जावं लागत नाही. तगालोगमध्ये मुलासाठी ‘बाता’ आणि अविवाहित तरुणासाठी ‘बिनाता’ हे शब्द घरचे होते आणि आहेत. त्या जागा रिकाम्या नव्हत्या. रिकामी होती ती स्पॅनिश मालकाच्या घरातली जागा, जिथे कामाच्या पोराला हाक मारली जाई. शब्द तेवढ्याच दारातून आत आला. हा मुद्दा ८० शब्दांच्या व्युत्पत्तीत मावत नाही. ‘प्रवास’ या रकान्यात घेतला, ४५ शब्दांत बसला.

लेखनाचा तपशील. १९४० च्या सुमारास लोपे के. सांतोस यांच्या व्याकरणाबरोबर तगालोगची वीस अक्षरी वर्णमाला रूढ झाली. तिच्यात सी नाही, त्यामुळे सी-एच पण नाही. त्याच्या जागी टी-एस. चिनेलास (सपाता) ते त्सिनेलास, कुचारा (चमचा) ते कुत्सारा, तसंच मुचाचो ते मुत्सात्सो. १९८७ मध्ये वर्णमाला २८ अक्षरांची झाली, सी परत आला, पण रुळलेली रूपं राहिली.

देवनागरीत आणताना पुन्हा तोच च. तगालोग बोलणारा लिहितो टी-एस, उच्चारतो कधी दंत्य, कधी टाळूचा. मराठीचा उघडा ‘च’ दोन्ही झाकतो, म्हणजे इथे ‘मुचाचो’ हेच देवनागरी रूप उच्चाराच्या दृष्टीने चुकलं नसतं. पण मग स्पॅनिश आणि तगालोग रूपं पानावर एकसारखी दिसतात आणि लेखनातला फरक हरवतो. म्हणून लेखनाप्रमाणे ‘मुत्सात्सो’, उच्चाराची ओळ वेगळी. ५ जूनला अडचण होती तीच इथे सोय झाली असती, घेतली नाही.

वापराची खूण: ‘जुनाट, हीनतादर्शक’. आज तिथे ‘कासाम्बाहाय’ म्हणतात, म्हणजे घरातला सोबती. १८ जानेवारी २०१३ ला मंजूर झालेला घरकामगारांचा कायदा, प्रजासत्ताक अधिनियम क्र. १०३६१, याच शब्दाने ओळखला जातो. मराठी प्रतिशब्दालाही हीच पायरी दाखवावी लागेल: ‘मोलकरीण’ आणि ‘घरकामगार’ यांत जेवढं अंतर, साधारण तेवढं.

१ जुलै : पापियामेंतो

अरुबा, क्युरासाव, बोनेर ही बेटं. सत्ता डचांची, भाषा मात्र स्पॅनिश-पोर्तुगीज शब्दसाठ्याची. इथे शब्दाचं शेपूट गळालं आणि उरलं ‘मुचा’. अर्थ: लहान मूल. ना मुलगा, ना मुलगी. लिंग सांगायचं तर पुढे शब्द जोडायचा: ‘मुचा होम्बर’ म्हणजे मुलगा, ‘मुचा मुहे’ म्हणजे मुलगी. अनेकवचन ‘मुचानान’, ‘नान’ हा त्या भाषेत ‘ते’ या सर्वनामाचाही शब्द.

मराठी प्रतिशब्द कधी नव्हे तो एका फटक्यात मिळाला. ‘मूल’, नपुंसकलिंगी. मूल, मग मुलगा, मुलगी. पोर, मग पोरगा, पोरगी. जे पापियामेंतो वेगळा शब्द जोडून करते ते मराठी ‘गा-गी’ लावून करते. इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्या कच्च्या मजकुरात इथे ‘मुलगा/मुलगी’ असं तिरपी रेघ मारून लिहिलेलं होतं. मराठीत रेघेची गरजच नाही.

एक फरक टिपून ठेवला. मराठी ‘मूल’ वयही सांगतं आणि नातंही (‘त्यांना दोन मुलं’). पापियामेंतोत नात्यासाठी वेगळा शब्द आहे, क्युरासावच्या लेखनात ‘यू’. मुचा म्हणजे वयाने लहान, एवढंच. प्रतिशब्दात ‘लहान मूल’ असं विशेषण ठेवलं.

लेखनाचा घोळ: अरुबाचं लेखन स्पॅनिश वळणाचं, क्युरासाव आणि बोनेरचं उच्चारानुसारी. ‘होम्बर’मधल्या ओ-वर क्युरासावच्या लेखनात स्वरचिन्ह आहे, अरुबाच्या नाही. आपल्या तक्त्यात एकाच शब्दाच्या तीन ओळी झाल्या होत्या: चिन्हाशिवाय, चिन्हासकट एका सांकेतिक क्रमांकाने, आणि ओ व चिन्ह असे दोन सुटे क्रमांक जोडून. शेवटच्या दोन डोळ्याला हुबेहूब. एकजिनसीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी टंकनं एकसारखी करणं, चालवलं की त्या दोन एक होतात. अरुबाचं रूप खरंच वेगळं आहे, ते राहू दिलं.

४ जुलै : इंग्रजी, झटपट

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, जो १८४८ च्या तहापर्यंत मेक्सिकोचा होता, हा शब्द इंग्रजीत आला. तरुण आणि नोकर, दोन्ही अर्थांनी. इंग्रजीत तो अजून परका पोशाख घालूनच वावरतो. चार ओळी पुरेत.

८ जुलै : मराठीकडचे शेजारी

पानाच्या तळाशी ‘आपल्याकडे’ हा चौकटीतला मजकूर असतो, १२० शब्द. मुचाचो मराठीत आला नाही, म्हणून ओढूनताणून नातं दाखवायचं नाही. पण हाच प्रकार झालेले शब्द आहेत.

‘आया’. पोर्तुगीजमध्ये ‘आइया’ ही बड्या घरातल्या मुलांची शिक्षिका-सांभाळकर्ती. हिंदुस्थानात ती साहेबाच्या घरची दाई झाली, आणि आज मराठीत शाळेतली, दवाखान्यातली मदतनीस. आईचं अनेकवचन ‘आया’ हा वेगळा शब्द. कोशात दोन क्रमांक हवेत.

‘बॉय’. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या अँग्लो-इंडियन कोशात याची दोन पोटं आहेत: एक इंग्रजी ‘मुलगा’वरून नोकर, दुसरं पालखी वाहणाऱ्या जातीच्या नावावरून, तेलुगू-मल्याळममधलं ‘बोयी’. मराठीतला ‘भोई’ त्याच घरचा. दोन वेगळे शब्द कानाला एक वाटले आणि एकमेकांत मिसळले. त्याच कोशात ‘छोकरा’ही आहे: आधी पोरगा, मग घरात किंवा पलटणीत हरकाम्या पोरगा.

मांडणीची पद्धत आसगाव-बार्देशच्या सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो यांची घेतली. १९१३ च्या त्यांच्या ग्रंथात पोर्तुगीज शब्द मथळ्याला आणि खाली एकेका आशियाई भाषेतलं रूप व अर्थ अशी रचना आहे. त्यामुळे कोणत्या भाषेने काय सोडलं, काय ठेवलं हे एका नजरेत दिसतं. आपल्या तक्त्याला चार स्तंभ: भाषा, रूप, उरलेला अर्थ, गळालेला अर्थ. शेवटचा स्तंभ आपला. तगालोगसमोर ‘मुलगा, तरुण’ गळाले. पापियामेंतोसमोर ‘तरुण, नोकर’ आणि लिंग गळालं.

११ जुलै : मुख्य प्रतिशब्द

आतापर्यंत मथळ्याखाली ‘मुलगा, तरुण, पोरगा, नोकर’ अशी माळ होती, जी ३ जूनच्या नियमाने चालत नाही. ‘पोऱ्या’ विचारात घेतला: चहाच्या टपरीवरचा पोऱ्या, वयही सांगतो, कामही. पण हाक म्हणून मोठ्या माणसांना चालत नाही. स्पॅनिशमध्ये, विशेषतः अर्जेंटिनात, ‘मुचाचोस’ ही पन्नाशीच्या बाप्यांनाही मारायची हाक आहे. २०२२ च्या कतारच्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या पाठीराख्यांनी ती जगभर पोचवली. तिथे ‘मुलांनो’ लिहिलं तर शाळेचा तास सुरू झाल्यासारखं वाटतं.

‘गडी’ बसला. गडी म्हणजे सवंगडी, ‘अरे गड्या’. गडी म्हणजे खेळातला भिडू, एका बाजूला सात गडी. गडी म्हणजे बाप्या माणूस, ‘रांगडा गडी’. आणि गडी म्हणजे घरगडी, शेतावरचा गडी, पगारी नोकर. तरुण पुरुष, साथीदार, चाकर, तिन्ही एका शब्दात, आणि हाक मारायलाही सोयीचा. फुटबॉलच्या उदाहरणाचं वाक्य ‘गड्यांनो’नेच सुरू केलं, कोल्हापूरच्या वाचकाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

उणीव एकच: गडी कधी लहान मूल नसतो. म्हणून अर्थ १ ला ‘पोरगा’, अर्थ २ आणि हाक यांना ‘गडी’, अर्थ ३ ला ‘घरगडी’. स्त्रीलिंगी ‘मुचाचा’ला गडी चालत नाही, तिथे ‘पोरगी’ आणि ‘मोलकरीण’, सुटे सुटे.

१५ जुलै : चावाल आणि छावा

शेजारचं पान, पण निर्देश इथून जातो म्हणून नोंद इथेच. स्पेनमध्ये पोरग्याला ‘चावाल’ही म्हणतात. हा बाहेर गेलेला शब्द नव्हे, आत आलेला. स्पेनमधल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या ‘कालो’ बोलीतला. रोमा लोक आयबेरियात पोचल्याचा जुना कागद १२ जानेवारी १४२५ चा आहे, आरागॉनच्या राजाने, पाचव्या आल्फोन्सोने, दिलेला परवाना. रोमानी भाषेत मुलगा ‘छावो’ आणि संबोधनाचं अनेकवचन ‘छावाले’, म्हणजे ‘पोरांनो!’. स्पॅनिश कानांनी ती हाक ऐकली आणि तिचंच नाम केलं.

रोमानी ही भारतीय-आर्य भाषा. छावोच्या मागे पाली ‘छाप’, प्राकृत ‘छाव’, संस्कृत ‘शाव, शावक’. आणि त्याच प्राकृत छावापासून मराठीचा ‘छावा’. सिंहाचा छावा आणि माद्रिदच्या गल्लीतला चावाल एकाच रांगेत बसतात. इंग्रजीतला हिणवणीचा ‘चॅव’ही बहुधा रोमानीतूनच, त्याची आद्याक्षरं फोडून सांगितली जाणारी फोड मागाहून रचलेली आहे, पानावर घेऊ नये.

लिप्यंतरात इथे च नाही, छ आहे, आणि मराठीत छ ला एकच उच्चार. स्पॅनिशने मात्र त्यातला ह-कार सोडला, म्हणून ‘चावाल’. मुचाचोच्या पानावर निर्देश असा: ‘अर्थाने जवळ, मुळाने परका, पाहा चावाल’.

१८ जुलै : शोध तपासणी

‘पोऱ्या’ शोधला, पानं निम्मीच आली. कारण जुनंच. पोऱ्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक यू+०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र (यू+०९३०), हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (यू+२००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला दोन शब्द. नेहमीचं एकजिनसीकरण र आणि नुक्ता यांच्या जोडीला ऱ करतं, पण जोडचिन्हाच्या रूपाला हात लावत नाही. वेगळा नियम लिहावा लागतो: र, हलन्त, जोडचिन्ह हे तिन्ही ओळीने आले की ऱ आणि हलन्त. क्रम महत्त्वाचा, जोडचिन्ह आधी काढून टाकलं तर पोऱ्याचा ‘पोर्या’ होतो, रफार चढतो, आणि मग परत आणता येत नाही. गेल्या वेळी नेमकं हेच झालं होतं. आता आधी बदल, मग उरलेली जोडचिन्हं साफ.

तपासणीचे शब्द: पोऱ्या, सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर. चारही दोन्ही टंकनांतून सापडले.

२२ जुलै : पान बंद

शब्दसंख्या ५८८. अर्थ तीन आणि एक हाक. तक्ता चार ओळींचा. ध्वनिमुद्रणात स्पॅनिश रूप घेतलं. जोर मधल्या अवयवावर नीट ऐकू येतो. तगालोगचं मुद्रण परत करायचं आहे, पहिल्या ‘त्स’वर खरखर आहे. ‘मोसो’च्या पानाकडे जाणारा दुवा अजून रिकामा उघडतो, ते पान ऑगस्टच्या यादीत.